सांगलीच्या घरात इंडस्ट्रियल स्वयंपाकघर: उघडं काय ठेवायचं, झाकायचं काय

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे, त्यावरून अंदाज यावा. पाणी उतरल्यावर गावभागातल्या आमच्या तळमजल्यात शिरलो, तर हौसेने केलेलं मॉड्युलर किचन ओळखू येईना. दारं टम्म फुगलेली, लॅमिनेटचे पापुद्रे सुटलेले, ट्रॉल्या गाळात रुतलेल्या. भिंतीवरची आजेसासूबाईंची लोखंडी मांडणी मात्र होती तशीच होती. साबणाच्या पाण्याने दोनदा घासली आणि संध्याकाळी तिच्यावर ताटं-वाट्या लागल्या.

नवीन स्वयंपाकघर कसं करायचं याचा विचार त्या मांडणीपासून सुरू झाला. मुलीने मोबाइलवर फोटो दाखवले: उघड्या विटा, लोखंडी चौकटी, स्टीलचा ओटा, छतावरून गेलेली पाइपं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे स्वयंपाकघर आहे का गिरणी?" प्रश्न बरोबर होता. ही शैली गिरण्या-गोदामांतूनच आली. १९६०-७० च्या दशकांत न्यूयॉर्कच्या सोहो भागात बंद पडलेल्या कारखान्यांच्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार राहायला गेले. गिलावा करायला पैसे नव्हते, म्हणून विटा आणि पाइपं तशीच राहिली आणि पुढे तीच फॅशन झाली. आपल्याला त्यासाठी एवढं लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती याच जिल्ह्यात. आजही कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत लोखंड कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंग करणारे हात आहेत. पुण्या-मुंबईचे लोक 'इंडस्ट्रियल लूक'चं फर्निचर तयार विकत घेतात. आपल्याकडे ते ज्याच्या शेडमध्ये बनतं त्याच्यासमोर उभं राहून करून घेता येतं.

फक्त एक अडचण आहे. त्या फोटोंतल्या घरांत फोडणी होत नाही. आपल्याकडे रोज दोन वेळा मोहरी तडतडते, हळद उडते, मिरचीचा खाट उठतो. तेव्हा प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे: तेलकट फडक्याने रोज पुसली तर चालेल का? आणि पाणी आलं तर धुऊन किंवा काढून ठेवता येईल का? दोन्हींना 'हो' आलं तर ती उघडी ठेवा. पूरपट्ट्यात घर नसेल तर दुसरा प्रश्न सोडा, पहिला सोडू नका.

भिंत: विटा उघड्या करण्याआधी

सगळ्यांना विटांची भिंत हवी असते आणि सगळ्यांत जास्त पस्तावाही तिथेच होतो. आधी बघा, भिंत कशाची आहे. जुन्या घरात जाड विटांची, चुन्यात बांधलेली भिंत असते आणि घराचं वजन तिच्यावर असतं. कॉलम-बीमच्या इमारतीत विटा नुसत्या भरलेल्या असतात. कॉलम, बीम आणि स्लॅबचा गिलावा कधीही फोडू नका. 'रॉ काँक्रीट' दिसावं म्हणून छत खरवडणारे मी पाहिलेत. आतल्या सळ्यांवरचं आवरण तसंच पातळ असतं, त्यात ठोके बसले की गंज लवकर धरतो. छताला राखाडी रंग द्या, तेवढं पुरे.

मग एका कोपऱ्यात फूटभर जागेवर छिन्नी-हातोडीने गिलावा काढून बघा. आत काय निघेल सांगता येत नाही. ज्या गवंड्याला माहीत होतं की वरून गिलावा होणार, त्याने विटा ओळीत लावलेल्या नसतात. कुठे अर्धी वीट, कुठे दगडाची कपरी, कुठे वायरिंगसाठी पाडलेली खाच सिमेंटने बुजवलेली. आमच्या एका भिंतीत बंद केलेल्या कोनाड्याची चौकट निघाली. तो कोनाडा आम्ही ठेवला, आता त्यात मिठाची बरणी असते. नमुना वाईट निघाला तर पुढे फोडूच नका. १५-२० मिलिमीटर जाडीच्या विटांच्या चकत्या टाइलसारख्या लावता येतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी परीक्षा ओलीची. दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. पुरातून निघालेली जाड भिंत महिन्या-दोन महिन्यांत वाळत नाही. आम्ही एक अख्खा उन्हाळा जाऊ दिला. घाई केली तर विटांवर पांढरा खार फुटतो.

उघडलेल्या विटांच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, खरवडून पुन्हा भरून घ्याव्या लागतात. जुनी भिंत चुन्यातली असेल तर दर्जाही चुन्यानेच भरा. कडक सिमेंट घातलं की ओल सांध्यातून बाहेर पडायची थांबते आणि विटेतून पडू लागते, मग विटेचा पृष्ठभागच भुकटी होऊन गळतो. वरून लावायचं ते सिलेन-सिलॉक्सेनचं, भिंतीला श्वास घेऊ देणारं सीलर. आमच्या रंगाऱ्याने पहिल्या वेळी चकचकीत वार्निश मारलं. दोन महिने भिंत झकास दिसली. पाऊस लागल्यावर वार्निशच्या खाली पांढरे ढग दिसायला लागले आणि दिवाळीपर्यंत साप कात टाकतो तसे पापुद्रे निघाले. सगळं घासून काढायला मूळ कामाच्या दुप्पट मजुरी गेली.

आणि शेगडीच्या मागे वीट नको म्हणजे नकोच. सीलर लावलेल्या विटेलाही खड्डे असतात, त्यांत तेल बसतं. ओट्यापासून दोन-अडीच फूट उंचीपर्यंत स्टीलचा पत्रा किंवा ८ मिलिमीटरची टफन्ड काच लावा. काचेतून विटा दिसत राहतात, पण काचेच्या कडा सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मागे झुरळांची वसाहत होते.

चौकट: लोखंडी कामात काय सांगायचं

ओट्याखाली कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांऐवजी लोखंडी चौकट केली की जागा मोकळी राहते आणि खाली पाणी मारून धुता येतं. ओट्याला ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्या. त्याचं वजन मीटरला साधारण २.४ किलो भरतं, आणि पाइप ६ मीटरचा येतो. आमच्या दहा फुटी ओट्याला चार पाइप लागले, म्हणजे ५७ किलोच्या आसपास. हा हिशेब आधी करून जा, कारण फॅब्रिकेशनवाला भाव किलोवर सांगतो आणि १.२ मिलिमीटरचा पाइप लावून 'दोनचाच आहे' म्हणणारेही भेटतात. कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा. लाज वाटू देऊ नका.

जोड कुठे वेल्ड आणि कुठे बोल्ट, हे कागदावर काढून द्या. प्रत्येक चौकट दोन माणसांना उचलेल एवढीच वेल्ड करून घ्यायची, आणि चौकटी एकमेकींना एम १० च्या, म्हणजे १० मिलिमीटर जाडीच्या, बोल्टने जोडायच्या. पायांना खाली लेव्हलिंग बोल्ट हवेत, कारण जुन्या घराची जमीन कधीच पातळीत नसते. वेल्डिंगचे फुगवटे ग्राइंडरने साफ करून मगच पावडर कोटिंगला पाठवा. भट्टीत १८०-२०० अंशांना भाजून निघालेला थर ब्रशच्या रंगापेक्षा कितीतरी टिकतो, पण त्यानंतर एक जरी भोक पाडलं तर तिथून गंज सुरू होतो. म्हणून सगळी भोकं आधी.

आता माझी चूक. पाइपांची टोकं पत्र्याची चकती वेल्ड करून बंद करा, असं मी सांगितलं होतं. कामाच्या दिवशी फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "वहिनी, आत कोण बघणाराय? प्लॅस्टिकची बुचं मारतो." मी मान डोलावली. मार्च २०२१ ला स्वयंपाकघर पुरं झालं आणि जुलैत पुन्हा पाणी आलं. चौकट वरून छान राहिली. पण घर धुऊन, वाळवून पंधरा दिवस झाल्यावरही रोज सकाळी पायांशी चहाच्या रंगाचे चार डाग दिसायचे. पाइपांत शिरलेलं पाणी आतून गंज घेऊन गळत होतं. शेवटी प्रत्येक पायाला तळाशी भोक पाडून पाणी काढलं, आत गंजरोधक ओतलं आणि टोकं वेल्ड करून घेतली. पूर नसला तरी फरशी धुण्याचं पाणी हेच करतं, जरा हळू.

ओटा

उंची ठरवताना उभं राहून कोपर वाकवा आणि कोपराच्या चार इंच खाली खूण करा. बहुतेक बायकांना ती ३२ ते ३४ इंचांवर येते. भाकरी थापणारीने त्यातून आणखी दोन इंच कमी करून बघावं, थापायला खांद्याचं वजन लागतं.

फोटोंत काँक्रीटचा ओटा भाव खातो. मला तो आवडतो, पण शेगडीजवळ नको. सिमेंट आंबटाला घाबरतं: लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक, काहीही सांडून पाच मिनिटं राहिलं की तिथे खरखरीत फिकट डाग पडतो. त्यात आपण हळदीच्या गावचे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ती काँक्रीटवरही आपलं मानांकन सोडून जाते. एक सांगते, हळदीचा रंग उन्हाने उडतो. खिडकीजवळच्या काँक्रीटच्या कट्ट्यावरचे आमचे पिवळे डाग आठवड्याभरात फिके होतात, आतल्या कोपऱ्यातले तसेच आहेत. करायचाच असेल तर ४० मिलिमीटर जाड, मध्ये वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी), आणि गोणपाट भिजवून किमान दोन आठवडे पाणी. दहा बाय दोन फुटांची अशी लादी पावणेदोनशे किलोंच्या घरात जाते, तेव्हा चौकट आधी तपासा. कडाप्पाही चुनखडीचाच दगड आहे, आंबटाची भीती त्यालाही आहे. काळा ग्रॅनाइट लेदर फिनिशमध्ये घेतला तर काँक्रीटसारखाच मंद दिसतो आणि चिंचेला दाद देत नाही. शेगडीखाली आमच्याकडे तोच आहे.

सिंकच्या बाजूला स्टील. ग्रेड ३०४, जाडी १.२ मिलिमीटर, मॅट ब्रश फिनिश. चकचकीत घेतलं तर पहिल्या घासणीचा ओरखडा जन्मभर दिसतो; मॅटवर हजार ओरखडे एकमेकांत मिसळून जातात. 'लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४' ही बाजारातली समजूत आहे. स्वस्त २०१ आणि २०२ लाही चुंबक चिकटत नाही. भंगारवाले आणि पत्र्याचे मोठे व्यापारी एक रसायनाचा थेंब टाकून रंग बघतात, ती चाचणी समोर करून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

पत्र्याखाली काय घालता यावर घराची शांतता अवलंबून आहे. नुसता पत्रा चौकटीवर टाकला तर पातेलं ठेवलं की ढोल वाजतो. खाली १८ मिलिमीटरची सिमेंट बोर्डची फळी पूर्ण चिकटवून घ्या. प्लायवूड स्वस्त पडतं, पण सिंकच्या कापलेल्या कडेतून पाणी पितं. काम संपल्यावर सासूबाईंनी परात मांडून पहिली भाकरी थापली, दोन थापांनंतर थांबून ओट्यावर कान देऊन ऐकलं आणि पुढे थापायला लागल्या. पास झालो.

धूर, वीज, गॅस

चिमणीचा डक्ट झाकायला लोक जिप्समचं खोकं करतात. या शैलीत तो अभिमानाने दाखवायचा, पण सुरकुत्यांचा ॲल्युमिनियम पाइप नव्हे. त्याच्या घड्यांत तेल साचतं आणि हवाही अडते. सहा इंच व्यासाचा ताठ जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) किंवा स्टीलचा पाइप घ्या, वळणं जास्तीत जास्त दोन, उतार बाहेरच्या बाजूला, टोकाला पावसाची टोपी. किती ओढणारी चिमणी? खोलीचं घनफळ काढा. १० बाय १२ ची आणि १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. तासाला बारा वेळा हवा बदलायची तर तासाला ४०८ घनमीटर झाले. आपली फोडणी आणि डक्टमधला अडथळा धरून त्याच्या दुपटीच्या खाली जाऊ नका. शेगडीपासून उंची २६ ते ३० इंच.

उघडं वायरिंग लोखंडी कंड्युइटमधून नेता येतं आणि दिसतंही छान, मात्र तो पाइप अर्थ केलेला असलाच पाहिजे. ओला हात, धातूची भिंत, धातूचा ओटा असं सगळं एकत्र येतं, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय लाइट चालू करू नका. तसा इलेक्ट्रिशियन नसेल तर काळ्या रंगाचा पीव्हीसी पाइप वापरा, दोन हातांवरून कुणाला फरक कळत नाही. मिक्सर-ओव्हनचे पॉइंट ओट्याच्या वर हातभर, आणि पूरपट्ट्यात तळमजल्याची सर्किटं वरच्या मजल्यावरच्या बोर्डातून वेगळी बंद करता येतील अशी.

गॅसची नळी कुठेही भिंतीत गाडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर पसरतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदला. आणखी एक, नदीकाठच्या लोकांसाठी: भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. त्याचं वजन तीस किलोच्या आसपास, आणि तो पाणी बाजूला सारतो त्याहून जास्त. पाणी येणार असं दिसलं की रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर वर न्या. जमलं नाही तर साखळीने चौकटीला बांधा.

मांडणी, लाकूड, जमीन

उघड्या शेल्फवर धूळ बसते ही तक्रार खरी आहे. उपाय आजेसासूबाईंच्या मांडणीतच आहे: तिच्यावर रोज वापरायचीच भांडी असायची, रोज घासली जायची, धूळ बसायला उसंतच नव्हती. वर्षातून दोनदा लागणारं काचेचं सामान उघड्यावर मांडाल तर दर महिन्याला धुवाल. शेगडीपासून तीन फुटांच्या आत उघडं शेल्फ नको. खोली १० ते १२ इंच, दोन आधारांमधलं अंतर तीन फुटांपेक्षा जास्त नको. डाळ-तांदळाचे भरलेले डबे किती जड असतात ते फळी वाकल्यावर कळतं.

नुसत्या लोखंड-स्टीलने खोली थंड, परकी वाटते. एक लाकूड हवंच. जुने वाडे पाडले की सागवानी तुळया आणि दारं भंगारात येतात, नव्या लाकडापेक्षा ती केव्हाही पक्की. घेताना टाचणीने टोचून बघा, भुसा निघाला तर वाळवी. आरागिरणीत द्यायच्या आधी एकूण एक खिळा काढा, नाहीतर पात्याचे पैसे तुम्हीच भराल. वरून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा, तेल-पाण्याला तेच टिकतं. आमच्या तीन फळ्या ब्रॅकेटवर फक्त चार-चार स्क्रूंवर आहेत.

जमिनीसाठी विचार करायची गरज नाही. ज्याला डिझायनर 'सिमेंट फ्लोअर' म्हणतो तो आपला कोबा. चार फुटांच्या चौकोनांत काचेच्या पट्ट्या टाकून करून घ्या, म्हणजे तडे पट्टीवर जातात. शहाबादी असेल तर पॉलिश करून तीच ठेवा.

दिवे शेवटी, पण विसरून नव्हे. राखाडी आणि काळा रंग उजेड खातो. टेबलावर लोंबते पत्र्याचे शेड २८ ते ३२ इंचांवर, पिवळसर ३००० केल्विनचे. चिरायच्या जागी मात्र शेल्फखाली ४००० केल्विनची सरळ पट्टी, नाहीतर कोथिंबिरीतली माती दिसत नाही. जाळीचे दिवे दुकानात गोड दिसतात. जाळी काढून धुता येते का, ते विचारा.

कामाचा क्रम

आधी भिंतीचा नमुना आणि ओलीची चाचणी, मग प्लंबिंग व डक्टची भोकं, मग विटा आणि दर्जा, त्यानंतर कोबा. कोबा वाळेपर्यंत चौकट शेडमध्ये तयार होते. चौकट एकदा कोटिंग न करता घरी आणून बसवून बघा, सिंक आणि शेगडी ठेवून बघा, मग कोटिंगला पाठवा. हा एक फेरा टेम्पोवाल्याला द्यावा लागतो, पण आमच्याकडे सिंकच्या पाइपाला आडवी येणारी पट्टी त्यामुळेच सापडली. कोटिंग झाल्यावर ग्रॅनाइट, स्टील, वायरिंग, शेल्फ.

पावसाळ्यात आमचं लक्ष आयर्विन पुलाच्या आकड्याकडे असतं. ४० फुटांची इशारा पातळी यायच्या आधीच, पस्तिसाला, फळ्या उतरवायला घेतो. चार-चार स्क्रू, मग ट्रॉल्यांचे बोल्ट, मग जाळ्या; दोघांना पाऊण तास लागतो. एम १० च्या बोल्टला १७ चा पाना लागतो. तो हत्यारांच्या पेटीत ठेवला की ऐनवेळी सापडत नाही, म्हणून मांडणीच्या शेवटच्या आकड्यावर, सांडशीच्या शेजारी टांगलेला असतो.